कोरा चौक

नव्या क्वार्टरमध्ये येऊन आठवडा झाला नाही तोच दुर्गाबाईने कोब्याला शेण लावलं. ठरवून नव्हे. सकाळी उद्धवराव शिफ्टला गेले, भांडी झाली, केर झाला, आणि केर झाल्यावर हात आपोआप पुढच्या कामाकडे जातो तसा तिचा डावा हात गेला. चिंचवड गावातल्या गवळ्याकडून तिने पाटीभर शेण आणून ठेवलं होतं. ते का आणलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं ते दर आठवड्याला येत होतं, म्हणून याही आठवड्याला आलं. तिने बादलीत ते कालवलं, पदर खोचला आणि कोपऱ्यापासून मागे मागे सरत सगळी खोली सारवून काढली. तांबड्या कोब्यावर गवंड्याने दोरी मारून सारख्या चौकटी पाडल्या होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. खोलीला वास आला. क्वार्टरमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण कुठेतरी राहतो आहोत. दुपारपर्यंत ते सगळं वाळलं आणि त्याचे पोपडे सुटले. पाय ठेवील तिथे पापडासारखं कुडकुडायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या सुमनताई विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. सुमनताई पुण्याच्या, त्यांचे यजमान कारखान्याच्या प्रयोगशाळेत. "अगबाई, दुर्गाबाई, हे काय हो? कोब्याला शेण?" त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. "अहो, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. त्यासाठीच तर कोबा दिलाय. आता सांगतेच कॉलनीत, आमच्या शेजारी गोठा आलाय म्हणून!" त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. दुर्गाबाईही हसली. पण वाटी भरून देताना नखांत अडकलेलं शेण त्यांना दिसू नये म्हणून तिने मूठ मिटून घेतली होती.

संध्याकाळी उद्धवरावांनी पत्र्याचा तुकडा घेतला आणि उकिडवं बसून एकेक पोपडा खरवडून काढला. चिडले नाहीत. त्यांना चिडायची सवय नव्हती; नको असलेली गोष्ट निमूटपणे, स्वच्छ काढून टाकायची सवय होती. "सुपरवायझरचं घर आहे हे," ते खाली मान घालून म्हणाले. "खेडवळपणा सोड आता." मग हातपाय धुऊन, टॉवेल तोंडावर असतानाच, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. "क्लबाची सहल निघतीय नाताळात. धामणगड. दोघांची नावं दिलीत." टॉवेल तोंडावर जरा जास्तच वेळ राहिला. "तुझ्याच बाजूला की. बघून होईल."

ती चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही.

"पेठेत जायला व्हायचं नाही हां, आधीच सांगतो. गाडी खाडीच्या अंगाला थांबणार. सगळ्यांच्या बरोबर जायचं नि सगळ्यांच्या बरोबर यायचं."

"मी कुठं काय म्हटलं?" दुर्गाबाई म्हणाली.

ती काही म्हणत नसे, हे खरंच होतं. पण त्या रात्रीपासून तिचा एक पाय गडावर होता. धामणगड म्हणजे समुद्रात घुसलेला एक डोंगर. तिन्ही अंगांनी पाणी, चौथ्या अंगाला पेठ, आणि पेठेत भैरूदादाचं घर, म्हणजे तिचं माहेर. गडावर तटाचे दगड ढासळलेले, दारूकोठाराचं छप्पर गेलेलं, तळ्यात शेवाळ, राजवाड्याच्या जोत्यावर बोरीची झुडपं. त्या सगळ्या पडझडीत जिवंत अशी एकच जागा होती, गडजाईचं देऊळ. कौलारू छप्पर, लाकडी खांब आणि मातीची जमीन. ती जमीन पेठेतल्या घरांनी वाटून घेतलेली होती. प्रत्येक घराचा एक चौक. कुठे रेघ नव्हती, खूण नव्हती, पण कुणाचा चौक कुठे संपतो हे बायकांच्या गुडघ्यांना ठाऊक असे. मार्गशीर्षातल्या जत्रेआधी तो चौक सारवायचा तो घरच्या लेकीने. सुनेचा हात तिथे चालत नसे, कारण देवी स्वतःच कुणाची तरी लेक, सासरहून निघून या डोंगरावर येऊन बसलेली. दिलेल्या लेकी त्यासाठी माहेरी येत, कुणी गलबतातून, कुणी चालत, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन गड चढत, आणि सारवता सारवता वर्षभराचं बोलून घेत. एखादीला येता आलं नाही तर तिची आई सारवी, नाहीतर शेजारची पोर तिचं नाव घेऊन सारवी. पण लेक वारली तर तो चौक कोरा टाकत. त्याला कुणी हात लावत नसे, त्यावर कुणी पाय ठेवत नसे. सगळी जमीन हिरवीगार ओली आणि मधेच तेवढा तुकडा पांढराफटक. शालन नावाची तिची मैत्रीण साप चावून गेली तेव्हा शालनचा चौक असा राहिला होता. खेळताना एकदा चुकून त्यावर पाय पडला तर आईने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली होती.

तिचं माहेरचं नाव गोजी. गोजी डावखुरी, आई डावखुरी, आईची आईसुद्धा म्हणे तशीच. सगळ्या बायकांच्या बोटांची कमान एका बाजूला वळायची, यांच्या चौकातली उलटी. "समद्यांच्या लाटा किनाऱ्याला येतात," आई म्हणायची, "आपल्या माघारी जातात." सासूने पहिल्याच दिवशी तिच्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली होती. वाढायला ती उजव्याने शिकली, कुंकू उजव्याने लावायला शिकली. सारवताना मात्र कुणी बघत नसे.

आणि मग ते नणंदेचं लग्न. अकरा वर्षं झाली होती. चिंचवडला दारात मांडव, उद्धवराव तेव्हा खडकीला कामाला, घरात पाहुण्यांची दाटी. हळदीच्या दिवशी दुपारच्या पंगतीत ती बुंदी वाढत गेली तर ओळीच्या शेवटी पेठेतला मालोजी बसलेला. पायांवर घाटातली धूळ तशीच. तिला इतका आनंद झाला की सासरची भाषा विसरून ती एकदम म्हणाली, "मालोजी, आमच्याकडं समदी बरी?" मालोजीने पानातली बुंदी चिमटीत धरली होती. ती त्याने तोंडात घातली नाही, खालीही ठेवली नाही. "हाय बरी," तो पानाकडे बघत म्हणाला. तिने त्याला आणखी एक डाव वाढला. तो नको म्हणाला नाही. नंतर ती हात धुऊन बाहेर आली तर तो निघून गेला होता. लग्न लागलं, वरात गेली, देवदेव झालं, मांडव उतरला. मग एके सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता उद्धवराव म्हणाले, "तुझ्या आईचं बरं नव्हतं म्हणे. बोलावलं होतं तुला; मालोजीला मीच गप्प राहायला सांगितलं. काल पत्र आलं. गेली." त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "तू गेली असतीस, तिकडं काहीबाही झालं असतं, तर ऐन लग्नात सुतक. घरची सून तू. ठरलेलं लग्न पुढं गेलं असतं, कदाचित मोडलंही असतं. आता तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं?" त्यांनी हे खरोखरच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत ते थोडा वेळ थांबले, आणि मग सायकल काढून गेले. तिने डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वयंपाकाला लागली. "समजूतदार आहे माझी सून," सासू शेजारणीला म्हणाली. मालोजीला वाढलेला तो दुसरा डाव दुर्गाबाईला अजून हाताला जाणवे. आई तिथे वाट बघत होती आणि आपण तिच्या निरोप्याला बुंदी वाढत होतो. त्यानंतर ना माहेरून कुणी आलं, ना ती गेली. कुठल्या तोंडाने जायचं? निरोप मिळाला नाही म्हणून सांगायचं तर नवऱ्याचं नाव सांगायला हवं, आणि ते तिच्या जिभेवर येत नव्हतं.

सहलीच्या गाडीत बसेपर्यंत तिचं एक मात्र मनाशी ठरलं होतं. देवळात जायचं. जत्रा नुकती होऊन गेलेली, सारवण ताजं असणार. आपला चौक सारवलेला असेल, कुणाच्याही हातचा का असेना, तर पेठेच्या वाटेने सरळ खाली उतरायचं आणि भैरूदादाच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन उभं राहायचं. गाडी गेली तर गेली. नसेल सारवलेला तर... पण त्याच्या पुढे तिचं मन जात नव्हतं. घाटात बायका भेंड्या खेळत होत्या. सुमनताई तिला कोपराने ढोसून म्हणाल्या, "अहो, 'द' आलाय, काहीतरी म्हणा की! नुसत्या खिडकीतून बघताय." तिने एक ओवी म्हटली, अर्धीच, आणि पुढची आठवत नाही म्हणाली. ड्रायव्हर बरकत भोसरीचा होता. तो आरशातून म्हणाला, "बाई, आवाज चांगला हाय तुमचा. पुरी करा." पुढच्या बाकावरचे उद्धवराव मागे वळून न बघता म्हणाले, "तिला गाडी लागते."

खाडीशी गाडी थांबली आणि वारा आत आला. मिठाचा, सुकटीचा, कुजलेल्या शेवाळाचा तो वास तिला घशात लागला. पुरुष पुढे गेले, तोफा बघायला आणि तटावर चढून फोटो काढायला. कुणीतरी दारूकोठारात तोंड घालून हाळी दिली, ती घुमली, सगळे हसले. कुणी म्हणालं, एवढा किल्ला होता तर पडला कसा. दुर्गाबाई पायऱ्या चढत होती. पायऱ्या तिच्या आठवणीत उंच होत्या; आता त्या बुटक्या वाटत होत्या आणि तरी दम लागत होता. दर जत्रेला डोक्यावर शेण घेऊन ती हाच गड चढली होती, पेठेच्या बाजूने, पुढे आई आणि मागे गोजी, आईच्या टाचांना पडलेल्या भेगा डोळ्यांसमोर ठेवून. तटावर आल्यावर पेठ दिसली. माड वाढले होते. माडांच्या मधून घराचं छप्पर दिसत होतं, मंगलोरी कौलं घातलेलं. धूर निघत होता. कुणीतरी भात टाकला असेल, भैरूदादाची बायको बहुतेक, आणि भैरूदादा खळ्यात जाळं विणत बसला असेल. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतकं ते जवळ होतं. लहानपणी इथून हाक मारली की आई खालून हात करी.

"चल, देऊळ बघू आणि उतरू," उद्धवराव मागून म्हणाले. त्यांच्या खांद्याला पाण्याचा थर्मास होता. त्यांची नजर पेठेकडे गेली नाही. गेली असती तरी त्यांना ते घर ओळखू आलं नसतं. लग्नानंतर ते तिथे एकदाच आले होते.

देवळाच्या उंबऱ्यावर ती थांबली. आत तांबडा कोबा होता. या खांबापासून त्या खांबापर्यंत, गाभाऱ्याच्या पायरीपासून समुद्राकडच्या लहान दारापर्यंत, सगळा तांबडा, गुळगुळीत, थंड कोबा. त्यावर दोरी मारून पाडलेल्या चौकटी, सारख्याच्या सारख्या, कुणाच्याही नाहीत. तिला क्षणभर वाटलं आपण क्वार्टरमध्येच उभ्या आहोत आणि आता उद्धवराव पत्रा घेऊन खाली बसतील. "वा!" ते म्हणाले. "इतक्या आडजागी बघ कसं काम केलंय." बूट काढून त्यांनी हातात घेतले. सुमनताई आणि बाकीच्या दोघीतिघी पाय पसरून भिंतीला टेकल्या आणि डब्यातला चिवडा काढला. खांबाशी गुरवीण बसली होती, अंबूबाई. दुर्गाबाईने तिला ओळखलं. अंबूबाईने ओळखलं नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आवाज येईल त्या दिशेला ती मान फिरवत होती. आणि दिसत असतं तरी गोल पातळातल्या, चष्मा लावलेल्या, पुण्याकडची भाषा बोलणाऱ्या बाईला तिने कशावरून ओळखायचं?

"कोबा कधी केला?" दुर्गाबाईने विचारलं.

"दोन वर्सां झायली. मुंबयच्या मंडळानं केलानी," अंबूबाई म्हणाली. "लय बरा झाला, बाय. कंबार सुटली आमची. पयला शेण डोक्यावर घेवन ती वाट चढाची आणि वाकून वाकून मराचां. आता फडका मारला की झाला."

"बघा!" सुमनताई दुर्गाबाईला म्हणाल्या. "मी काय सांगत होते तुम्हाला?"

"पूर्वी घराघरांचे चौक होते म्हणे."

"व्हते तर. तुला कुणी सांगलान?"

"ऐकलं होतं." तिने खांबाला हात टेकला. "त्या समुद्राकडच्या दाराजवळचा कुणाचा होता?"

"तो भैरूच्या घरचा," अंबूबाई म्हणाली. "कोराच व्हता तो, कोबा पडंपरयंत. भैणीचा."

"कोरा म्हणजे?" सुमनताईंनी विचारलं. अंबूबाईने त्यांना सांगितलं, कोरा म्हणजे काय ते. सुमनताईंचा चिवडा हातातच राहिला. "आई गं. वारली का ती?"

"वारली म्हणाचां. घाटावर दिलेली. हिकडं तिची म्हातारी आवस 'गोजी, गोजी' करून गेली. माणूस धाडलानी, तो माघारी फिरकला नाय, ती पण आली नाय. बारा दिवस भैरू खळ्यात वाटेकडं बघत बसला व्हता. मग म्हणालान, जित्ती असती तर आली असती. तिच्या नावानं आंघोळ केलान आणि चौक कोरा टाकलान."

"बिचारी! काय झालं असेल हो?"

"कोण सांगणार? गेली असंल बाळंतपणात."

बाहेर समुद्र तटाला थडकत होता. उद्धवराव लहान दारात उभे होते, एका हातात बूट, दुसरा थर्मासच्या पट्ट्यावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे तिला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. ते तिच्याकडे बघत होते, गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं तसे. त्यांना भीती वाटत होती. ती आता काय बोलेल याची, आणि सुमनताई ते कॉलनीत कसं सांगतील याची. दुर्गाबाईला रडू येत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की भैरूदादाचा हिशेब बरोबर होता. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. आठ दिवसांनी का होईना, कळलं होतं. जिवंत असती तर चालत आली असती.

"या गो बायांनो, वट्या भरते," अंबूबाई म्हणाली आणि चाचपडत तांदळाचं सूप पुढे ओढलं. तिथली रीत होती, ओटी भरताना माहेरचं नाव विचारायचं. सासरचं देवीला चालत नसे. सुमनताई पुढे झाल्या. "कुणाची लेक गो तू?" "पुण्याच्या आगाश्यांची." बाकीच्यांच्या झाल्या. मग दुर्गाबाईने पदर पसरला.

"कुणाची लेक गो तू?"

एक शब्द बोलायचा होता. बापाचं नाव. तो बोलला असता तर हे सूप पडलं असतं, म्हातारी ओरडली असती, पेठेत कुणीतरी धावत गेलं असतं. तिच्या ओठांशी ते नाव आलं. पण तिला वाटलं, ते आपण का बोलायचं? ज्याने गिळलं त्याने बोलावं. एकदा. आत्ताही उशीर झालेला नाही.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं सगळं ह्यांनाच ठाऊक असतं."

बायका हसल्या. "अहो उद्धवराव, सांगा की! बायकोचं माहेर विसरलात का?" सुमनताई म्हणाल्या. "जावयाचे लाड कमी झाले वाटतं!"

उद्धवरावांनी बूट या हातातून त्या हातात घेतले. ते तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. त्यांना हवं तेवढं ती थांबली.

"लांबचं आहे," ते म्हणाले. "सोलापूरकडचं."

"देशावरची," अंबूबाई म्हणाली आणि तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला. "देवी तुजा म्हायेर राखो."

खालून बरकतने भोंगा दिला. बायका उठल्या, डबे आवरले. उद्धवराव सगळ्यांच्या पुढे निघाले. "व्हा तुम्ही पुढं," दुर्गाबाई म्हणाली, "चपला घालून आलेच." देवळात ती आणि भिंतीकडे तोंड करून समई पुसणारी म्हातारी, दोघीच उरल्या. ती समुद्राकडच्या दाराजवळ गेली. चौकटी खोट्या होत्या, पण गुडघे खोटे नव्हते. ते टेकले तिथेच टेकायला हवे होते. तिने पदरातले तांदूळ कोब्यावर ओतले आणि डाव्या हाताने पसरत गेली. बोटं फिरली, कमान झाली, तिच्या शेजारी दुसरी. कोबा काही धरून ठेवत नव्हता. तांदूळ घरंगळत होते. तरी ती मागे मागे सरत भिंतीपर्यंत आली. नारळ तिने मधोमध ठेवला, मेलेल्याच्या नावाचा ठेवतात तसा, आणि उठली.

उंबऱ्यावरून एकदाच तिने मागे पाहिलं. वाऱ्याने तांदूळ सरकल्याचा आवाज आला असावा. अंबूबाई रांगत तिथवर आली होती आणि जमीन चाचपत होती. तिचा उजवा हात तांदळांवरून फिरला, अडखळला. मग तिने तोच हात उलटा फिरवून बघितला. तसाच, उलटा, परत एकदा.

दुर्गाबाई पायऱ्या उतरायला लागली. उद्धवराव पडक्या दरवाज्याशी तिच्यासाठी थांबले होते. बाकीचे पुढे गेले होते. "चल," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "अडाणी लोक. काहीही बोलतात." ती त्यांच्या बरोबरीला आली तेव्हा वरून, देवळाच्या बाजूने, हाक आली. म्हातारा, फाटका आवाज, वाऱ्याबरोबर सगळ्या गडावर पसरलेला. "गोजीऽऽ! अगो गोजीऽऽ!" या नावाने तिला किती वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. ते ऐकून तिच्या पाठीचा कणा ताठ झाला, आणि पाऊल मात्र थांबलं नाही. उद्धवराव थांबले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हाक परत आली, आता रडत आलेली.

"तुला बोलावतायत," ते म्हणाले. "जा. जाऊन ये. गाडी मी थांबवतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचा निरोप तिला वेळेवर दिला होता.

"मला नव्हे," दुर्गाबाई म्हणाली. "ती गोजीला हाका मारतेय. गोजी वारली. ऐकलंत ना तुम्ही, आत?"

खाली बरकतने पुन्हा भोंगा दिला. ती खाडीच्या वाटेला लागली. ते मात्र अजून तिथेच उभे होते, दरवाज्यात, हातात बूट तसेच, अनवाणी.